क्षयमुक्त गावातला सत्कारमूर्ती

फ्लेक्सवर कोणाचं डोकं केवढं घ्यायचं याचं एक शास्त्र आहे आणि ते मला पोटासाठी शिकावं लागलं. राज्याच्या नेत्याचं कलिंगडाएवढं, जिल्ह्याच्या पुढाऱ्याचं खरबुजाएवढं, तालुक्याच्या पुढाऱ्याचं संत्र्याएवढं, आणि बॅनर करायला सांगणारे जे कोणी असतील त्यांची डोकी खालच्या ओळीत लिंबांसारखी मांडायची. सेनगावातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी बारा वर्षं कॉम्प्युटरवर बसतो. दुकान एका मुस्लिम गृहस्थांचं आहे. त्यांना सगळा बाजार चाचा म्हणतो, मीही म्हणतो. वाढदिवस, निवड, फेरनिवड, श्रद्धांजली, सगळं आमच्याकडे होतं. मजकूर तोच, फक्त फोटो आणि रंग बदलतात. मला वाचनाची खोड असल्यामुळे मी सुरुवातीला मजकूर सुधारायला जायचो. ‘दमदार’, ‘धडाडीचे’, ‘लाडके’ यांपैकी दोन तरी काढून टाका, असं एका गिऱ्हाइकाला सुचवलं, तर तो म्हणाला, “मग तिथं काय ठेवता? जागा मोकळी दिसून राहिली ना.” त्यानंतर मी मोकळी जागा ठेवणं सोडलं.

तर अशा माणसाला, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या मोठेपणाची मापं घेणाऱ्याला, चौतिसाव्या वर्षी खोकला लागला.

खोकला हा फार लोकशाहीवादी आजार आहे. त्यावर कोणीही मत देऊ शकतं. चाचा म्हणाले, “ये इंक का वास है भाई. मशीनजवळ नको बसू.” चहावाल्याने मध आणि आलं सांगितलं. शेजारच्या मेडिकलवाल्याने तीन बाटल्या दिल्या, प्रत्येकीचा रंग वेगळा आणि चव एकच. माझी बायको घरी ब्लाउज शिवते. तिच्याकडे येणाऱ्या बायांनी तिला एक काढा शिकवला, तो मी महिनाभर प्यालो. मग एके दिवशी कागदावर रक्ताचा ठिपका दिसला आणि सगळ्यांची मतं एकदम आटली.

सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली. क्षय. माझी पहिली प्रतिक्रिया सांगायला लाज वाटते, पण मला थोडं बरं वाटलं. एक तर आजाराला नाव मिळालं. दुसरं असं की जुन्या कादंबऱ्यांत क्षय फार चांगल्या माणसांना होतो. पातळ शाल पांघरून ती माणसं गच्चीत बसतात, मावळतीकडे बघतात आणि प्रेमपत्रं लिहितात. मला गच्ची नव्हती. रोज सकाळी उपाशीपोटी गोळ्या घ्यायच्या, त्यानंतर लघवी संत्र्याच्या सरबतासारखी व्हायची, आणि त्या रंगाबद्दल कुठल्याही कादंबरीकाराने एक शब्द लिहिलेला नाही.

आमचं गाव साखऱ्याच्या वाटेवर आहे, लहान. गावात पेन खिशाला लावणारा प्रत्येक जण ‘सर’ असतो, म्हणून मीही सर. सरपंचांना बातमी कळली तसे ते घरी आले आणि म्हणाले, “सर, काळजी करू नका. आमी तुमाला दत्तक घेऊन राहिलो.” मला वाटलं, माणूस भावनेच्या भरात बोलतोय. पण तशी खरीच योजना होती. क्षयरुग्णाला कोणीतरी दत्तक घ्यायचं आणि दर महिन्याला खाण्याच्या सामानाची टोपली द्यायची. हेतू चांगला, सामानही चांगलं: शेंगदाणे, गूळ, तूरडाळ, तेलाची एक पिशवी. ती टोपली आठ जणांनी मिळून दिली. आठ जणांचे सोळा हात एका टोपलीला लागले होते, त्यामुळे घ्यायला मला कडाच सापडेना.

रुग्णाची ओळख गुप्त ठेवायची असते असा नियम आहे. तो सरपंचांनी काटेकोर पाळला. फोटोसाठी मला तोंडावर रुमाल बांधायला लावला. मग त्याच फोटोखाली बॅनरवर माझं नाव वडिलांच्या नावासकट टाकायला सांगितलं. बॅनर मीच केला. चाचा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, “इतना छुपाया की अब पूरा तालुका पहचानेगा.”

मी गोळ्या एक दिवस चुकवल्या नाहीत, हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे बऱ्याच जणांनी हळूच विचारलं, “सर, मधी सोडल्या तर नव्हत्या ना?” सोडल्या नव्हत्या. दोन महिन्यांनी थुंकी निगेटिव्ह आली. पाचव्या महिन्यातही निगेटिव्ह. सरपंच पुन्हा घरी आले, यावेळी पेढे घेऊन.

“सर, तुमी गावातले शेवटचे हाव,” ते म्हणाले.

“शेवटचे म्हणजे?”

“टीबीचे. तुमचा कोर्स संपला की गाव टीबीमुक्त. सर्टिफिकेट भेटते. जिल्ह्याहून पाव्हणे बोलवू. तुमचा सत्कार. तुमी दोन शब्द बोलायचे.”

आयुष्यभर मी सत्कारांची चेष्टा करत आलो. शाली, श्रीफळं, ‘यथोचित’ हा शब्द, पाहुण्यांच्या गळ्यातला हार लगेच काढून टेबलावर ठेवायची पद्धत, सगळ्यावर माझ्याकडे तयार टोमणे होते. मी ‘बघू’ म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी दुकानात बसून माझ्या सत्काराचा बॅनर करायला घेतला. ‘क्षयावर मात करणारे आपले सर’. माझा फोटो मी खरबुजाएवढा घेतला. पाहुण्यांच्या फोटोपेक्षा तो जरा मोठा झाला होता, हे चाचांनी दाखवल्यावर मी नाइलाजाने एक बोटभर कमी केला.

त्याच आठवड्यात माझा कोर्स संपला आणि दवाखान्यात शेवटचा एक्स-रे काढला. तिथे नव्या डॉक्टर बाई आल्या होत्या, वयाने माझ्यापेक्षाही लहान. त्यांनी जुना आणि नवा असे दोन्ही एक्स-रे खिडकीला धरले आणि आलटून पालटून पाहत राहिल्या. सरकारी दवाखान्यात डॉक्टरने एका माणसाला इतका वेळ देणं ही दुर्मिळ गोष्ट आहे, कारण बाहेर रांग असते.

“थुंकी निगेटिव्ह आहे,” त्या म्हणाल्या. “मग वजन का कमी होतंय?”

मी म्हणालो, अशक्तपणा असेल.

“गोळ्यांनी डावीकडचा डाग गेलाय. उजवीकडचा गेला नाही, वाढलाय. सिगारेट?”

“कधीच नाही.”

“तंबाखू?”

“नाही.”

“एक आजार सापडला की दुसरा नसेल असं काही नसतं. क्षयाच्या डागांमध्ये दुसरा डाग लपू शकतो. तरुण माणसात तर कोणी तो शोधतही नाही.” त्यांनी चिठ्ठी लिहिली. “नांदेडला जाऊन सीटी स्कॅन करून घ्या. याच आठवड्यात. पुढं ढकलू नका.”

दुसरा म्हणजे कोणता, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वाचणाऱ्या माणसाला काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. मी चिठ्ठीची घडी घातली आणि दुकानात फॉन्टच्या जुन्या सीडींखाली ड्रॉवरमध्ये ठेवली. कार्यक्रम गुरुवारी होता. गुरुवार झाला की शुक्रवारी नांदेड, असं मी ठरवलं. चार दिवसांनी काय फरक पडतो. बरं, आधीच स्कॅन केलं आणि त्यात काही निघालं तर मात कोणी केली, कोणावर केली, सगळाच मजकूर बदलावा लागला असता. बायकोने विचारलं, “डॉक्टरीनबाई काय म्हणल्या?” मी म्हणालो, “थुंकी निगेटिव्ह आहे.” यात एकही शब्द खोटा नव्हता. बॅनरचा मजकूर लिहून लिहून ही कला माणसाला येते.

गुरुवारी कार्यक्रम झाला नाही. प्रमुख पाहुण्यांना अचानक पक्षाची बैठक लागली. पुढची तारीख मिळाली, तेरा दिवसांनंतरची. बॅनर पुन्हा छापणं परवडणारं नव्हतं, म्हणून मी नवीन तारखेची स्टिकरची पट्टी काढून जुन्या तारखेवर चिकटवली. त्या दिवशी पाहुण्यांचा स्वतःचाच दुसऱ्या गावी सत्कार निघाला. पुन्हा पट्टी. तिसऱ्या खेपेला त्यांच्या नात्यात कोणी वारलं, आणि त्यावर बोलायची सोय नव्हती. पुन्हा पट्टी. चार तारखा एकावर एक बसल्यामुळे बॅनरवर तेवढ्या जागी फुगवटा आला. दुरून पाहिलं तर वाटायचं, तिथे काहीतरी सुजलंय.

सरपंच प्रत्येक वेळी म्हणायचे, “पाव्हणे आल्याबिगर सर्टिफिकेट कसं घ्यावं? ते काय दुकानातून आणायची वस्तू हाय का?” वास्तविक ते सर्टिफिकेट आमच्याच दुकानात छापून, लॅमिनेट होऊन महिनाभर पडलं होतं.

या काळात माझी पाठ उजवीकडे दुखायला लागली. दुकानाच्या सात पायऱ्या चढून गेलो की खुर्चीत बसून श्वास गोळा करावा लागे. बायको म्हणाली, “धाप काहून लागून राहिली? टीबी गेला ना?” मी म्हणालो, गोळ्यांचा असर उतरायला वेळ लागतो. चाचांनी एकदा माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, “तकलीफ काय हाय ते बराबर सांग.” मी त्यांना तिसऱ्या पट्टीचा रंग विचारला.

सात आठवड्यांनी कार्यक्रम झाला. पाहुणे तीन तास उशिरा आले. शाळेसमोर मांडव, त्यात लेकरं उन्हात कंटाळलेली, आणि ‘टीबी हारेगा’ छापाच्या घोषणा आळीपाळीने. पाहुण्यांनी क्षयरोगावर चार मिनिटं आणि स्वतःच्या कारकिर्दीवर चाळीस मिनिटं भाषण केलं. मग माझ्या खांद्यावर शाल आली. मी उभा राहिलो. दोन शब्द बोलायला मला तीनदा थांबावं लागलं, कारण वाक्याच्या मध्येच हवा संपत होती. लोकांना वाटलं, कंठ दाटून आला. टाळ्या पडल्या. सरपंचांनी डोळे पुसले. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत परिणामकारक भाषण. मला तेव्हा मनापासून छान वाटलं होतं, हे लपवून काय उपयोग.

सोमवारी बायकोला म्हणालो, “नांदेडला एक तपासणी करून येऊ, तब्येत जरा पाहून घेऊ.” ती बरोबर आली. हे मला नको होतं, पण आता मला पिशवीही उचलवत नव्हती.

नांदेडच्या छातीच्या डॉक्टरांनी स्कॅन पाहिलं आणि आधी पाठीत सुई घालून फुप्फुसाभोवतीचं पाणी काढलं. एका बाटलीत मावलं नाही, दुसरी लावावी लागली. ते पाणी तपासायला गेलं, छातीतल्या गाठीचा एक तुकडाही गेला. दहा-बारा दिवसांनी रिपोर्ट घ्यायला पुन्हा बोलावलं. पाण्यात कॅन्सरच्या पेशी होत्या. गाठीत क्षय होता, अजून पुरता न विझलेला. डॉक्टर म्हणाले, “दोन्ही आहेत. एकाच वेळी, एकाच छातीत. तुमच्या वयात क्वचित, पण असं असतं.”

मी सहा महिने एकाच आजाराची गोळी खात होतो आणि दुसरा शेजारी बसून वाढत होता. क्षयाला दोष देता येत नाही, त्याने आपलं काम चोख केलं. खोकला त्याचा, ताप त्याचा, उतरलेलं वजन त्याचं. सगळं त्याच्या नावावर जमा झाल्यावर दुसऱ्याकडे बघणार कोण?

डॉक्टर फाईल चाळत होते. त्यात बाईंची चिठ्ठी होती, मीच ड्रॉवरमधून काढून लावली होती. ती दाखवल्याशिवाय नांदेडला कोणी स्कॅन लिहून देणार नाही, असं मला वाटलं होतं. त्यांनी तारीख वाचली आणि चष्म्यावरून पाहिलं.

“ही तर स्कॅनच्या सात आठवडे आधीची आहे. ‘याच आठवड्यात’ असं खाली रेघ मारून लिहिलंय. मधे कुठं होता तुम्ही?”

मी भिंतीवरचा फुप्फुसांचा तक्ता पाहू लागलो. सुबक छपाई होती.

बायकोने विचारलं, “साहेब, तवा आलो असतो तर?”

“नक्की सांगता येणार नाही. तेव्हा पाणी झालं नसेल, तर निदान ऑपरेशनचा विचार करता आला असता. आता पाण्यातच पेशी आहेत, म्हणजे ऑपरेशन होत नाही. आता औषधं.”

ती ‘बरं’ म्हणाली. डॉक्टरांना ते पुरलं, मला नाही. लग्नाला आठ वर्षं झाली आहेत, तिच्या ‘बरं’चे प्रकार मला माहीत आहेत. हा त्यातला नव्हता.

हिंगोलीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. अर्धापूर गेलं. वारंगा फाट्यावर बस थांबली, तिने पाण्याची बाटली घेतली, माझी दुखण्याची गोळी काढून दिली, मी घेतली. बस निघाल्यावर ती समोरच्या सीटकडे बघत म्हणाली, “सत्कार होता म्हणून?”

“व्हय,” मी म्हणालो.

कळमनुरीला तिने खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, “मी सगळ्या बायांना सांगत होते, आमच्या घरच्यांना असला दिखावा आवडत न्हाई.”

मला आजवर पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलले आहेत. यापेक्षा वाईट कोणी बोललेलं आठवत नाही.

नंतर प्रश्न आला, कोणाला काय सांगायचं. बायकोने माहेरी सांगितलं की टीबी उलटलाय, पुन्हा गोळ्या आहेत. कॅन्सरचं नाव ऐकलं असतं तर तिची आई तिथेच बसली असती. गावात मात्र उलटं झालं. सरपंचांना कुठून तरी दोन्ही कळलं आणि ते पहिल्यांदाच काही न घेता घरी आले.

“सर, वाईट झालं,” ते म्हणाले. चहा प्याले. कप खाली ठेवला. “एक इनंती होती. गावात टीबीचं नाव नका काढू. कॅन्सर म्हणा.”

“का?”

“कॅन्सरचं आपल्याकडं सर्टिफिकेट न्हाई ना. टीबीचं आताच घेतलं.”

बायको आत मशीनवर होती, मशीन थांबलं. मी म्हणालो, “सरपंच, एका शब्दानं क्षय जात असता तर मी सहा महिने गोळ्या कशाला खाल्ल्या असत्या?” ते म्हणाले, “तुमी खाऊन राहिले ते चांगलंच हाय. फक्त नाव नका घेऊ.” माणूस दुष्ट नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नांदेडला जायला गाडी दिली, आणि गाडीच्या काचेवर त्यांचा फोटो होता, खरबुजाएवढा. मी मात्र दवाखान्यातल्या बाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी वहीत क्षयाचा रुग्ण म्हणून माझी पुन्हा नोंद केली आणि घरातल्या सगळ्यांना तपासायला बोलावलं. गाव वहीत मुक्त राहिलं नाही. भिंतीवर राहिलं, तिथे लॅमिनेशन आहे.

अशा रीतीने सासरवाडीला माझा क्षय माहीत आहे, गावाला कॅन्सर माहीत आहे, आणि दोन्ही बाजू आपापल्या परीने मला धीर देतात. सासूबाई म्हणतात, “टीबीच तर हाय, आजकाल त्याचं काय.” गावातले म्हणतात, “सर, बिडी ना काडी, तरी कसा झाला?” आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहतात की मी चोरून ओढत असणार आणि आता तरी कबूल करावं. व्यसन नसलेल्याला कॅन्सर झाला की लोकांना आपली फसवणूक झाल्यासारखी वाटते. चाचांना मी दोन्ही सांगितले. ते म्हणाले, “दो-दो? तू भी ना, होलसेल में लाया.” मग कौंटरखाली वाकून बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. तिथे काही नव्हतं.

दोन आजार असले की औषधांचंही आपसात पटत नाही, हे मला नव्याने कळलं. पाण्यातल्या पेशींवर आणखी एक तपासणी झाली, त्यातून कॅन्सरची रोज घ्यायची गोळी लागू पडेल असं निघालं. सगळ्यांचं असं निघत नाही, तरुणपणी न ओढता झालेल्यांपैकी काहींचं निघतं. पण क्षयाची जी मुख्य गोळी, लघवी रंगवणारी, ती या नव्या गोळीचा असर उतरवते. म्हणून क्षयाच्या गोळ्या बदलल्या. आता सकाळी एक, दुपारी दोन, जेवणाआधी एक, जेवणानंतर दोन असा कार्यक्रम आहे. प्रमुख पाहुण्यांची वाट न पाहता वेळेवर सुरू होणारा आमच्या घरातला हा पहिला कार्यक्रम.

तीन महिन्यांनी स्कॅन झालं. पाणी पुन्हा भरलं नव्हतं, डाग लहान झाला होता. डॉक्टर म्हणाले, “गोळी काम करतेय. किती दिवस करेल ते विचारू नका, मला माहीत नाही.” मोठ्या खुर्चीतल्या माणसाच्या तोंडून ‘मला माहीत नाही’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं आणि त्या माणसाबद्दल मला आदर वाटला. फ्लेक्सवर असं वाक्य मी एकदाही छापलेलं नाही.

बाहेर खिडकीवर पुढच्या तारखेची नोंद करायची होती. आतला माणूस म्हणाला, “मोबाईल नंबर सांगा.”

मी सांगायला लागलो. बायकोने माझ्या पुढे हात घालून खिडकीत फाईल सरकवली.

“त्यांचा नको,” ती म्हणाली. “माझा लिहा. फोन मलाच करा, चिठ्ठी पण माझ्याच हातात द्या.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने नंबर सांगितला, त्याने लिहिला, चिठ्ठी दिली. तिने ती वाचली, घडी घातली आणि ब्लाउजात ठेवली.

“तारीख तरी सांग,” मी म्हणालो.

“आदल्या दिवशी सांगते,” ती म्हणाली आणि बसस्टँडकडे चालायला लागली, माझ्या चालीने, हळू.